भट्टीकाकूंचा उजवा कोपरा

भट्टीकाकूंच्या स्वयंपाकघरात ओव्हनचं दार लागलं, की घरातले आवाज आपोआप खाली यायचे. काकू ओव्हनसमोर बैठ्या स्टुलावर बसायच्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर काचेवर. आपलं माणूस दवाखान्यात आतल्या खोलीत असावं आणि आपण बाहेर बाकावर असावं, तसं ते बसणं होतं. कुणी बोलायला आलं तर त्या मान न वळवता एक बोट वर करायच्या. शेजारीण विरजण मागायला आली तरी तिनं त्या बोटापाशी थांबायचं. केक फुगून वर आला, त्याचा माथा कोरडा दिसू लागला, की बोट खाली यायचं आणि मग चहा, गप्पा, चौकशा सगळं सुरू व्हायचं. तोवर त्या घरात पाहुणासुद्धा चपला हळू काढायचा.

काकूंना जाऊन आता काही महिने झालेत. त्यांच्याविषयी लिहायचं असं ठरवून मी कितीदा तरी बसले आणि उठले. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, की आधी सगळं हाताशी मांडून घे, मग सुरू कर. मांडून घेण्यातच एवढा वेळ गेला.

आमच्या वाशी तालुक्यात आणि शेजारच्या भूमच्या भागात भट्टी म्हटलं, की खव्याचीच भट्टी डोळ्यांपुढं येते. काकूंचं माहेर भूमकडच्या एका खेड्यातलं आणि त्यांच्या वडिलांची खरोखरच खव्याची भट्टी होती. ओव्हनला त्या कधी ओव्हन म्हणाल्या नाहीत, भट्टीच म्हणायच्या. शेवटी गल्लीनं ते नाव त्यांनाच लावून टाकलं. तालुक्याला नवा आलेला एखादा माणूस हे नाव ऐकून खव्याचा भाव विचारायला दारात यायचा. काकू त्याला बसवायच्या, केकचा तुकडा हातावर ठेवायच्या आणि सांगायच्या, की खवा ह्याच्या आत आहे, शोधा. त्यांच्या घरात अंडं येत नसे. खवा, तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसून त्यात दही घालून त्या केक करायच्या. तसा केक मी नंतर कुठंही खाल्ला नाही.

खव्याची कढई आणि ओव्हन यांतला फरक त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितला होता. मी इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून आले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हाची गोष्ट. "कढईत चुकलं तर हातात उलथनं असतंय," त्या म्हणाल्या. "खाली लागायला लागलं, हलवलं. हितं एकदा दार लावलं की आपला हात संपला. म्हणून जे करायचं ते दार लावायच्या आधी करायचं, माय." त्या दिवसापासून मी त्यांची माय झाले. आधी मॅडम होते.

असे ओव्हन आमच्या गल्लीत आणखीही घरांत होते. कुणाच्या मुलानं घेऊन दिलेले, कुणाच्या लग्नात आलेले. बहुतेक ठिकाणी त्यांचं कपाट झालं होतं. आत पापडाचा डबा, तवा, कढई, शिळी पोळी. काकूंचा ओव्हन त्यांच्या मुलानं, प्रमोदनं, नोकरी लागल्यावर आणून दिला होता आणि त्यात कधी चमचाही राहत नसे. तरीही तापवायच्या आधी त्या आत उघडा हात घालून चारही कोपऱ्यांतून फिरवायच्या, देव्हारा पुसावा तसा. मागं एकदा आतून पाल निघाली होती. पाल तापायच्या आधी निघाली म्हणून बरं, नाहीतर तिच्या तेराव्याला केक केला असता, असं त्या सांगायच्या. पण हात फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नसे.

आतल्या उष्णतेचा त्यांनी एक नकाशाच केला होता. ओव्हन नवा होता तेव्हा त्यांनी जाळीवर ब्रेडचे तुकडे ओळीनं मांडले आणि ते भाजून बघितले. डावीकडचे फिकट राहिले, मधले बदामी झाले आणि मागच्या बाजूचा उजव्या कोपऱ्यातला तुकडा काळा ठिक्कर पडला. त्या कोपऱ्याला त्यांनी नाव दिलं, थोरले. त्यांचे थोरले दीर फार तापट होते म्हणे. जेवताना मीठ कमी पडलं तर ताट सारायचे. "थोरल्यांच्या अंगाला भांडं लावायचं न्हाय," काकू सांगायच्या, "आणि लई लांब पण ठेवायचं न्हाय, लगेच रुसतेत." केकचा माथा धरला, की त्या एकदाच दार उघडून भांडं झटकन अर्धं फिरवायच्या. थोरल्यांकडची बाजू पुढं, पुढची बाजू थोरल्यांकडं. त्या एका हालचालीसाठी बाह्या वर करून, हातमोजे घालून, श्वास रोखून त्या तयार बसायच्या.

भांड्यांच्या बाबतीत त्यांचं कुणाशी जमत नसे. दुकानदार त्यांना काळ्या रंगाची चकचकीत भांडी दाखवायचा. त्या ती उपडी करायच्या, बुडावर टकटक करायच्या आणि परत द्यायच्या. काळं भांडं बूड करपवतं आणि वर कच्चं ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना साधी पांढरी ॲल्युमिनियमची भांडी लागायची, सरळ कडांची, फार खोल नसलेली. मी एकदा ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांना केक न्यायचा म्हणून हौसेनं एक मोठं चौकोनी भांडं आणलं. ते जाळीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरलं. मला वाटलं, बरोबर मापाचं मिळालं. काकूंनी ते बाहेर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ह्यानं भट्टीचं नाकतोंड बंद झालं. भांड्याभोवती वारा फिरला पाहिजे." मग तेच पीठ त्यांनी दोन लहान भांड्यांत घातलं, दोन्हींच्या मधे आणि भिंतींपासून बोटभर जागा सोडली, आणि केक एकसारखा फुगला. माझं चौकोनी भांडं पुढं कुंडीखाली गेलं.

त्यांचे डोळे जाऊ लागले हे सगळ्यात आधी त्या भांड्यांमुळं कळलं. एकदा त्यांनी भांडं ठेवलं ते थेट थोरल्यांना टेकवून. एक कड जळाली. काकू ती कड बोटांनी चाचपत राहिल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं आणि गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब घालून राहिलेलं टिकवायचं, एवढंच हाती होतं. त्यानंतर कुणाकडं बघायचं तर त्या पूर्ण चेहरा वळवायच्या. ओव्हनच्या बटणावर त्यांनी टिकल्या चिकटवल्या. मंद आचेला एक टिकली, केकच्या आचेला दोन. बोटानं टिकली लागली, की आच कळायची. मला वाटलं, यातूनही त्या वाट काढतील.

पण एका सकाळी त्यांच्या खिडकीतून धूर येताना दिसला. मी धावत गेले. गॅसच्या बाजूला ठेवलेल्या फडक्यानं पेट घेतला होता आणि ते त्यांच्या नजरेच्या कडेला होतं, म्हणजे कुठंच नव्हतं. त्या समोरच्या दुधाकडं बघत उभ्या होत्या. फडकं मी मोरीत टाकलं. त्यांच्या मनगटाची कातडी लाल झाली होती. प्रमोदला कळवू नको, असं त्या म्हणाल्या. कळवायचं त्यांनीच, असं मी म्हटलं. संध्याकाळी त्यांनीच फोन केला.

प्रमोद आणि त्याची बायको अश्विनी शनिवारी पुण्याहून आले. प्रमोद वाईट मुलगा नाही. आवाजही चढवला नाही त्यानं. ओसरीवर बसून तो एवढंच म्हणाला, की आता पुण्याला चलायचं, घराला कुलूप लावायचं आणि ओव्हन कुणाला तरी देऊन टाकायचा. डॉक्टर तिकडंच बघू, औषध तिकडंच. त्यानं गाडी रिकामी ठेवून आणली होती. अश्विनी आत कपाटातल्या साड्या बघत होती, कुठल्या न्यायच्या, कुठल्या ठेवायच्या. काकू ऐकत होत्या. काकांचं निधन होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्या घरात काय होणार हे त्याच ठरवत आल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी दोन केक लावते. तू बसून बघ. पीठ भिजवण्यापास्नं कापण्यापर्यंत. मला भट्टी सांभाळता येत न्हाय असं तुला वाटलं, तर मी संध्याकाळी बॅग भरते. तसं न्हाय वाटलं, तर हा विषय परत काढायचा न्हाय."

प्रमोदनं ओव्हनकडं बघितलं, त्यांच्या मनगटाकडं बघितलं आणि होकार दिला. मग काकूंनी चेहरा माझ्याकडं वळवला. "तू पंच," म्हणाल्या. "तू कुणाची बाजू घेत न्हाईस. तू बोलतच न्हाईस."

रविवारी सकाळी अश्विनीनं स्वयंपाकघर आरशासारखं केलं. तिला सासूबाईंनी जिंकावं असंच वाटत होतं, हे मला दिसत होतं. नाष्ट्याला थालीपीठं केली, भांडी घासली, ओटा पुसला, फडकी दोरीवर लांब वाळत घातली, सगळं दिसायला मोकळं ठेवलं. दुपारी प्रमोद दाराशी खुर्ची घेऊन बसला. अश्विनी ओट्याला टेकून उभी राहिली. मी डब्यांच्या फळीखाली बसले. तिघांची तोंडं काकूंच्या पाठीकडं होती.

काकूंनी खवा फेसला. मैदा चाळला. चाळणीच्या कडेला हात लावून पीठ कुठं सांडतंय ते बघितलं. भांड्यांना तुपाचं बोट फिरवलं, बुडाला कागद बसवला. कुठं चूक नव्हती. मग त्या ओव्हनकडं गेल्या, दार उघडलं आणि त्यांचा उजवा हात आत जायला निघाला. तो दारापाशीच थांबला. क्षणभर तिथं राहिला आणि मागं आला. त्यांनी दार लावलं, बटणावरच्या टिकल्या चाचपल्या आणि भट्टी तापत ठेवली. तापल्यावर हातमोजे घालून दोन्ही भांडी मधल्या जाळीवर सरकवली. मधे बोटभर जागा, भिंतींपासून बोटभर जागा, थोरल्यांपासून सुरक्षित अंतर. दार लागलं. त्या स्टुलावर बसल्या आणि बोट वर गेलं.

प्रमोदनंही श्वास सोडला. खरं म्हणजे परीक्षा तिथंच संपली, असं आम्हा तिघांना वाटलं असावं. बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. घरात वेलदोड्याचा वास पसरू लागला होता.

आणि काकूंचं बोट खाली आलं. इतक्या लवकर ते कधीच येत नसे.

त्यांनी विचारलं, कुठं तेल सांडलंय का. अश्विनी नाही म्हणाली. काकूंनी मान वर करून वास घेतला. "लोखंड तापतंय," त्या म्हणाल्या. प्रमोदनं वास घेतला, मी घेतला. आम्हाला तूप आणि वेलदोडा याशिवाय काही येत नव्हतं. केकचाच वास आहे, आई, असं प्रमोद समजावून सांगू लागला. काकूंनी ऐकलं नाही. त्या काचेजवळ गेल्या. काचेतून त्यांना फक्त मधली जाळी दिसत होती आणि तिच्यावर दोन केक नुकते वर यायला लागले होते.

त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं, कारण तो नियम त्यांनीच मला शिकवला होता. फुगत असताना दार उघडलं, की गार हवा शिरते आणि केक मधोमध बसतो. बसलेला केक प्रमोदच्या समोर बाहेर यायचा म्हणजे संध्याकाळी बॅग भरायची. दार नाही उघडलं आणि वास खरा असला, तर आत काय पेटेल ते सांगता येत नव्हतं. त्यांनी पदर खोचला.

"प्रमोद, भिंतीवरचं बटण बंद कर," त्या म्हणाल्या. "आणि सगळे लांब व्हा."

त्यांनी दार उघडलं. निळसर धूर बाहेर आला आणि मग तो वास आम्हालाही आला. काकूंनी एकेक भांडं बाहेर काढून ओट्यावर ठेवलं, न सांडता, न आपटता. प्रमोद पुढं झाला तेव्हा त्यांनी कोपरानं त्याला मागं सारलं. मग सांडशी घेऊन त्या खालच्या भागात चाचपू लागल्या आणि तापणाऱ्या सळ्यांच्या अगदी वर ठेवलेल्या ट्रेवरून थालीपिठाचा लोखंडी तवा बाहेर आला. तेलानं माखलेला, धुमसत असलेला. त्यांनी तो मोरीत नेऊन ठेवला.

अश्विनी रडायला लागली. तवा तिनंच ठेवला होता. पुण्याला तिच्या स्वयंपाकघरात जागा कमी, तवा आणि कढई ओव्हनमधेच असायची, तापवायच्या आधी बाहेर काढायची. सकाळी आवरताना हात आपोआप तिकडं गेला. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. काकूंनी तिच्या पाठीवर हातमोज्यासकट हात ठेवला आणि म्हणाल्या, राहू दे. मग भांडी आत सरकवली, बटण लावायला सांगितलं आणि परत स्टुलावर बसल्या. बोट वर गेलं. बोट वर नसतं तरी आमच्यापैकी कुणी बोललं नसतं.

एक केक वाटीसारखा बसला. दुसरा कसाबसा उभा राहिला, पण तव्यानं खालची आच अडवून धरली होती, त्यामुळं त्याचं बूड चिकट राहिलं. काकूंनी तो जाळीवर उपडा केला, बुडावरून तळहात फिरवला आणि खरं ते सांगितलं: कच्चा आहे. प्रमोद उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. तो म्हणाला, की तिघांपैकी एकालाही वास आला नाही, तिला आला. तिला भट्टी सांभाळता येते. तिनं इथंच राहावं, ओव्हनही राहू द्यावा, फक्त फडकी गॅसपासून लांब ठेवावीत. तो हसायचा प्रयत्न करत होता. अश्विनी डोळे पुसून चहा ठेवायला लागली.

काकू माझ्याकडं वळल्या. "पंच काय म्हणतेत?"

मी म्हटलं, चूक तुमची नव्हती.

"भट्टी कुणाची?"

"तुमची."

"मग आत काय आहे ते बघायचं कुणी?"

त्यांनी बसलेल्या केकचे तुकडे केले, सगळ्यांना दिले, वरून घ्या, बूड सोडा, म्हणाल्या. ह्या वेळेला थोरल्यांनी काही केलं न्हाय, त्यांच्यावर आळ घेऊ नका, असंही म्हणाल्या. प्रमोद मनापासून हसला. भांडी विसळताना मात्र त्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या, नळ चालू ठेवून. "हात घालणार होते मी. पण पोरगं बघत होतं. चाचपडताना बघितलं असतं तर म्हणाला असता, आईला दिसत न्हाय. म्हणून न्हाय घातला. दिसण्यासाठी भट्टी लावली मी आज, माय. असं कधी केलं नव्हतं."

मला वाटलं, रात्रीत हे ओसरून जाईल. सोमवारी सकाळी मी दूध घेऊन गेले, तर काकू ओसरीवर सगळी भांडी मांडून बसल्या होत्या. गल्लीतल्या बायकांना एकेक करून बोलावत होत्या आणि प्रत्येकीला भांडं देताना त्याची खोड सांगत होत्या. ह्याचं बूड थोडं वर आलंय, मधे जास्त घालू नको. ह्याची कड वाकलीय, ती बाजू पुढं ठेव. हे पातळ आहे, ह्याला आच कमी लागतीय. बायका भांडी पदराखाली धरून उभ्या होत्या, कुणाला जावंसं वाटत नव्हतं. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

मला राग आला. तुम्ही जिंकलात ना, असं मी विचारलं. "व्हय, जिंकले की," त्या म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. ओव्हन मला द्यायचा, असं त्यांनी प्रमोदला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझा हात धरून थंड ओव्हनमधे घातला, चारही कोपऱ्यांतून फिरवला, मागच्या उजव्या कोपऱ्यात थांबवला. मी विचारलं, का जाताय. त्या म्हणाल्या, तू बोलत न्हाईस ते बरं असतंय.

गाडीत त्या पुढं बसल्या. आता कडेचं दिसत नाही, समोरचं तरी बघते म्हणाल्या. प्रमोदला सांगून त्यांनी गाडी स्टँडवरून हळू न्यायला लावली. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांचा चेहरा पूर्ण वळलेला होता, आधी घराकडं, मग माझ्याकडं.

पुण्याहून त्यांचे फोन यायचे. डोळ्यांचे थेंब, नातवंडांच्या शाळा, कमी तिखटाच्या भाज्या. तिथं प्रमोदनं भिंतीत बसवलेला मोठा ओव्हन घेतला होता. आत पंखा होता त्याला. "सगळीकडं सारखं भाजतंय," त्या म्हणाल्या. "थोरले बिरले कुणी न्हाईत. मला कामच ठेवलं न्हाय." मग एकदा सांगितलं, की अश्विनी आता तापवायच्या आधी आत हात घालते आणि नातसुद्धा घालते. त्या हसत होत्या. पण मला त्या हसण्यात हरलेलं माणूस दिसायचं. फोन ठेवल्यावर मी चिडायचे. एका तव्यामुळं आपलं घर सोडून गेल्या, असं मला वाटायचं आणि त्याचं दुःख त्या गेल्यावरही सुटलं नाही. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

मी केक करते. पहिले कितीतरी नीट झाले नाहीत, आता बरे होतात. कॉलेजातल्या मुली विचारतात, मॅडम, सगळीकडून इतका सारखा कसा. मी त्यांना भांड्याभोवती सोडायची जागा दाखवते, ब्रेडचे तुकडे मांडून बघायला सांगते. जास्त बोलत नाही.

विधी उरकल्यावर प्रमोद घर उघडायला एकटाच वाशीला आला. आम्ही ओसरीवर बसलो. धूळ साचली होती, ती झाडायचं दोघांच्याही मनात आलं नाही. मी त्याला विचारलं, की त्या रविवारी तू रहा म्हणाला होतास, तरी त्या का आल्या.

त्यालाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता, तो म्हणाला. त्या संध्याकाळी त्यानं आईला विचारलं. डोळ्यांचं आता तिला स्वतःलाच कळलं होतं, भट्टीत हात घालायला लाज वाटायला लागली की थांबायचं, असं ती म्हणाली. मग मी न्यायला आलो तेव्हाच हो का म्हणाली नाहीस, असा सगळा खेळ का केलास, असं त्यानं विचारलं. काकू साडीची घडी करत होत्या. घडी पूर्ण करून त्यांनी चेहरा त्याच्याकडं वळवला.

"तू न्ह्यायला आला होतास, त्या दिवशी आले असते तर सामानासारखी आले असते," त्या म्हणाल्या होत्या. "आता तू रहा म्हणतोयस, तर माझी मी येते."